'नवीन जिवाणू' का 'अनोळखी जिवाणू'?

दुधनाकाठ:
एका आरोग्य पुस्तिकेचं भाषांतर करायलोय. पेशंटच्या रक्तात नाहीतर पुवात असा बॅक्टेरिया सापडला की ज्याची आजवर कुठंच नोंद नाही, असा विषय आहे. मी सरळ 'नवीन जिवाणू' लिहून मोकळा झालो, तर गावातल्या आशाताईनं वाचून विचारलं, कोरोनासारखं आता हे बी आलं का? 'नवीन' काढून काय टाकू? अनोळखी, अज्ञात, नवखा?

लॅबवाली लातूर:
आशाताईचं बरोबरच हाय. नवीन म्हणलं की कालपरवा जन्मला वाटतं. लिजिओनेला नावाचा जिवाणू घ्या ना. १९७६ ला अमेरिकेत फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या अधिवेशनाला आलेली माणसं न्यूमोनियानं गेली, जंतू हाती लागल्याचं १९७७ च्या जानेवारीत जाहीर झालं, मग तिकडच्याच पाँटिअॅक गावच्या १९६८ च्या तापाच्या साथीतलं जपून ठेवलेलं सिरम, म्हणजे रक्तातलं पाणी, काढून तपासलं तर तिथं बी याच्याच खुणा! नवीन कसला मग?

मोंढा नाका:
अनोळखी नका लिहू. पेपरात 'अनोळखी इसमाचा मृतदेह' येतो, त्या इसमाला घरी नाव असतंच की. अज्ञात बी तसंच, अज्ञात वाहनाची धडक.

लॅबवाली लातूर:
भाऊ तुम्ही नेमकं बोललात, कारण अनोळखी न् नवीन या दोन वेगळ्या गोष्टी हायेत. प्लेटवर वाढलेली जिवाणूंची कॉलनी, म्हणजे ठिपका, टूथपिकनं उचलायची, स्टीलच्या पट्टीवर फासायची, वरून मॅट्रिक्स नावाच्या रसायनाचा थेंब, की माल्डी-टॉफ मशीन लेझर मारून प्रोटीनचा ठसा काढतं न् आपल्याकडच्या यादीशी ताडून बघतं. जुळलं नाही तर तो 'अनोळखी', म्हणजे मशीनला. मग जिवाणू ओळखायला वापरतेत तो १६एस जीन, तिथं बी अडलं तर अख्खा जिनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचायचा. स्वित्झर्लंडच्या बाझलमधल्या लोकांनी २०१४ पासून असे ६१ अडलेले जिवाणू जमवले. त्यातल्या ३५ जातींची खरंच कुठं नोंद नव्हती, बाकीच्या २६ ओळखायला अवघड होत्या एवढंच, काहींचं तर नाव नुकतंच पडलेलं. म्हणजे अनोळखी ६१, नवीन ३५. आणि त्या ३५ मधल्या सातच पेशंटला खरोखर त्रास देणाऱ्या वाटल्या. सापडला म्हणजे त्यानंच आजार केला असं नसतंय, कातडीवरचे कितीतरी नुसते बसलेले असतेत.

शुद्धमती:
पेशंट, सिरम, कॉलनी! रुग्ण, रक्तरस, वसाहत हे शब्द मेले का? आणि ते 'जीवाणू' आहे, पहिला जी दीर्घ.

मोंढा नाका:
'वसाहत' म्हणलं की मला म्हाडाची आठवते. आणि जिवाला, जिवाचा लिहिता तसं जिवाणू. जी दीर्घ कामून?

शुद्धमती:
जिवाला ही विभक्ती आहे, जीव अधिक अणू हा समास आहे. दोन्हीत गल्लत नको.

आडवा फाटा:
पण अणू म्हणजे अॅटम ना? जिवंत अॅटम?? ज्यानं कोणी हा शब्द पाडला त्याला

शुद्धमती:
अणू म्हणजे अगदी सूक्ष्म, हा अर्थ अॅटमच्या अर्थाआधीचा. अणुमात्र म्हणतो ना आपण?

बीडची पोर:
एवढ्यापेक्षा जंतू म्हणा, सगळ्यांना कळतंय.

लॅबवाली लातूर:
नाही कळत. शाळेत जंतनाशक गोळी वाटतेत, ती अल्बेंडाझोल, पोटातल्या जंतावरची. तिला अर्धे पालक 'जंतुनाशक' म्हणतेत, आणि फिनेलच्या बाटलीवर बी जंतुनाशकच. एक बाई माझ्याशी भांडली की लेकराला फिनेल कामून देताव.

आडवा फाटा:
😂 आमच्या आजीला यातलं काहीच लागायचं नाही. हगवण-उलटीची साथ आली की पटकी, म्हणजे कॉलरा, न् ती आणणारी मरीआई. पटकन माणूस जातो म्हणून पटकी.

मोंढा नाका:
हे तुम्ही आत्ता जुळवलंय. पटकणे म्हणजे आपटणे, माणसाला पटकते ती पटकी.

दुधनाकाठ:
मंडळी, पुस्तिका सोमवारी द्यायचीय. 'आजवर नोंद नसलेला जिवाणू' चालंल का? लांबडं होतंय पण.

शुद्धमती:
जीवाणू.

बीडची पोर:
मरीआईचा गाडा बघितलाय का कोणी? आमच्याकडं सांगतेत की साथ आली की गाडा वाजतगाजत शिवेवर नेऊन सोडायचे, म्हणजे रोगराई गावाबाहेर गेली.

आडवा फाटा:
गेली म्हणजे पुढच्या गावात. ते गाव आमचं.