मासुंदा तलावाजवळच्या चर्चचे रेखाचित्र

प्रश्न: ठाण्यातील सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चमध्ये आजीचे लग्न झाले होते, म्हणून त्याच्या दर्शनी भागाचे प्रमाणबद्ध रेखाचित्र काढून जपावे असे मनात आहे, परंतु शिडीशिवाय उंची कशी मोजावी?

उत्तर १: फादरांची परवानगी घेऊन दरवाजाची उंची टेपने मोजावी, मग समोर लांब उभे राहून, हात ताठ धरून, पेन्सिलीवर त्या उंचीइतकी खूण करावी आणि भिंत तिच्या किती पट भरते ते पाहावे. १:५० प्रमाणात एक मीटर म्हणजे कागदावर दोन सेंटीमीटर.

उत्तर २: कागद आम्लरहित व शाई जलरोधक घ्यावी. बॉलपेनने काढलेले माझे जुने चित्र आज जेमतेम दिसते! मागे तारीख अवश्य लिहावी.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. रविवारी मिस्सा आटोपल्यावर दरवाजा मोजतो.