बारावीला ८७.५० टक्के: भाचीसाठी कोणती शिष्यवृत्ती धरावी?

सेलूकर

भाचीनं लातूर विभागातून बारावी सायन्स केलं. ६०० पैकी ५२५ मार्क. ओबीसी, आणि वडिलांचा तहसीलचा उत्पन्न दाखला २ लाख ६० हजारांचा. नांदेडला बीएस्सी करायची का सीईटीवर इंजिनिअरिंग, हे अजून ठरेना. सेतूवाला म्हणतो, ८० टक्क्यांच्या वर असलं की केंद्राची शिष्यवृत्ती मिळतेच, सोबत राज्याच्या शिष्यवृत्त्यांचं महाडीबीटी पोर्टल भरा, विज्ञानाची इन्स्पायर शिष्यवृत्ती भरा, जे लागेल ते लागेल. असं सगळीकडं भरलेलं चालतं का?

बालाघाटी

आधी एक घोळ मिटवू. केंद्राच्या शिष्यवृत्तीला ८० टक्के लागत नाहीत, ८० वा पर्सेंटाईल लागतो. आपल्या बोर्डातून त्या वर्षी सायन्सला पास झालेल्या सगळ्यांना मार्कांच्या क्रमानं उभं केलं, तर वरच्या २० टक्के लेकरांत नाव पाहिजे. आर्ट्स आणि कॉमर्सच्या रांगा वेगळ्या. त्यामुळं एखाद्या वर्षी ७५ टक्क्यांचं आर्ट्सचं लेकरू रांगेत बसतं आणि तेवढ्याच मार्कांचं सायन्सचं बाहेर राहतं, असं होऊ शकतं. कटऑफ दरवर्षी बदलतो, म्हणून मागच्या वर्षीच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका.

आणि रांगेत बसलं म्हणजे मिळालीच असंही नाही. देशभरात नव्या शिष्यवृत्त्या ८२,०००, निम्म्या मुलींना. त्या राज्यांना १८ ते २५ वयोगटाच्या लोकसंख्येप्रमाणे वाटतात, आणि बोर्डाच्या वाट्यात सायन्स, कॉमर्स, आर्ट्स असं ३:२:१ प्रमाण असतं. ओबीसीला त्यात २७ टक्के. कुटुंबाचं उत्पन्न ४.५ लाखांपर्यंत चालतं, तुमचा दाखला आरामात बसतो.

रक्कम पदवीच्या पहिल्या तीन वर्षांना वर्षाला १२,०००, एमएस्सीला गेल्यावर २०,०००. इंजिनिअरिंगला चौथ्या वर्षी २०,०००. पुढं चालू ठेवायला दरवर्षी ५० टक्के मार्क आणि ७५ टक्के हजेरी लागते. हजेरीकडं कोणी बघत नाही आणि नूतनीकरण नेमकं तिथंच अडकतं.

नवीन अर्ज पहिल्या वर्षालाच. दुसऱ्या वर्षी जागं होऊन उपयोग नाही. डिप्लोमा आणि दूरशिक्षण यात बसत नाही.

गोदाकाठ

वरचं बरोबर आहे, पण सेलूकरांचा खरा प्रश्न "सगळीकडं भरू का" हा आहे. तर नाही. केंद्राच्या या शिष्यवृत्तीच्या अटीतच आहे की दुसरी कुठली शिष्यवृत्ती, राज्याची फी माफी किंवा फी परतावा घेत असाल तर ही मिळणार नाही. म्हणून आधी कोर्स ठरवा, मग पोर्टल उघडा. आपल्याकडं उलटं चालतं.

सीईटी देऊन कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतून, इंजिनिअरिंगला नंबर लागला तर हिशोब सरळ आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे ओबीसी, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. हे महाडीबीटीवरून. अशा ठिकाणी वर्षाच्या १२,००० साठी फी माफी सोडणं म्हणजे तुरीच्या शेंगा वेचायला जाऊन तूर तशीच उभी सोडून येण्यासारखं. पण मॅनेजमेंट कोट्यातून किंवा कॉलेज पातळीवर प्रवेश घेतला की ही माफी गेली. हॉस्टेल आणि मेस यात धरू नका, तो खर्च वेगळाच.

तंत्रशिक्षण परिषदेची, म्हणजे एआयसीटीईची, प्रगती शिष्यवृत्तीही बघून ठेवा. फक्त मुलींना, वर्षाला ५०,०००, उत्पन्न ८ लाखांपर्यंत, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. पण ती आणि फी माफी दोन्ही गृहीत धरून घरचं बजेट मांडू नका, त्या वर्षीची अट वाचून मगच.

बीएस्सीला मात्र केंद्राची शिष्यवृत्ती कामाची. अनुदानित कॉलेजात फी तशी कमीच, तिथं १२,००० हातात पडले तर खोलीभाड्याला आधार. तीन वर्षांचे ३६,०००, पुढं एमएस्सीचे ४०,०००.

खडकाळ_रान

बीएस्सीचं ठरलं तर इन्स्पायर सगळ्यात जड. वर्षाला ८०,०००, त्यातले ६०,००० हातात आणि २०,००० उन्हाळी प्रोजेक्टसाठी. जास्तीत जास्त पाच वर्षं. पण बोर्डातल्या वरच्या १ टक्क्यात यावं लागतं. ८७.५० टक्के त्यात बसतात का, हे त्या वर्षीच्या कटऑफवरच ठरतं, इथं कोणी छातीठोक सांगत असेल तर ऐकू नका. नीट किंवा जेईईत पहिल्या १०,००० त आलेल्यांनाही दार उघडं आहे, पण नीटला तेवढ्यात आलेलं लातूरचं लेकरू बीएस्सीला कशाला जाईल!

नांदेड-लातूरला सगळ्यात जास्त फसतात ते विषयात. इन्स्पायरला मूलभूत विज्ञान लागतं: भौतिक, रसायन, गणित, संख्याशास्त्र, वनस्पती, प्राणी, सूक्ष्मजीव, जैवरसायन, भूशास्त्र वगैरे. बीएस्सी बायोटेक, कॉम्प्युटर सायन्स, बायोइन्फॉरमॅटिक्स, ॲग्री यात चालत नाही. प्रॉस्पेक्टसवर सगळ्यांपुढं बीएस्सीच लिहिलेलं असतं, म्हणून प्रवेशाच्या दिवशीच विषय तपासा. नंतर बदलायला गेलं की जागा भरलेल्या असतात.

सेलूकर

खूप मदत झाली. भाची बीएस्सी रसायनकडं झुकतेय. मग केंद्राची भरूच. फॉर्म सेतूवरून भरावा का घरी?

बालाघाटी

घरी मोबाईलवर होतो. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर आधी ओटीआर काढा, म्हणजे एकदाच करायची नोंदणी. १४ आकड्यांचा नंबर मिळतो, तो पुढं एमएस्सीपर्यंत तोच. त्यासाठी आधारचं फेस आरडी ॲप मोबाईलवर टाकून चेहरा दाखवावा लागतो. चेहरा भाचीचाच लागतो, म्हणून तिला समोर बसवा. उजेड तोंडावर येऊ द्या, खिडकी पाठीमागं असली की चेहरा ओळखत नाही.

त्याआधी मेमो (मार्कशीट) आणि आधार शेजारी ठेवून स्पेलिंग अक्षर-अक्षर जुळवा. मेमोवर आडनावाच्या शेवटी एक आय आणि आधारवर डबल ई, असलं काही निघालं तर आधी आधार दुरुस्त करा, मगच ओटीआर. आसन क्रमांक पुढच्या अक्षरासकट टाका.

आता कॉलेज निवडताना. आपल्याकडं ज्युनिअर आणि सीनिअर एकाच नावाचं, एकाच आवारात. ज्युनिअरचा शाळांसारखा यूडायस कोड, सीनिअरचा उच्च शिक्षणाचा आयशे कोड. तुम्हाला आयशे कोड पाहिजे, सी अक्षरानं सुरू होणारा. ज्युनिअर निवडलं तर अर्ज अशा टेबलावर जातो जिथं तुमचं नावच नाही.

गोदाकाठ

आणि अर्ज सबमिट झाला म्हणजे काम झालं असं समजू नका. त्याची प्रिंट, मेमो, उत्पन्न दाखला आणि प्रवेशाची पावती घेऊन कॉलेजच्या शिष्यवृत्ती लिपिकाकडं जा. कॉलेजच्या नोडल ऑफिसरनं पोर्टलवर पडताळणी केली तरच अर्ज राज्याकडं सरकतो. पोर्टलवर विद्यार्थ्याची शेवटची तारीख वेगळी, कॉलेजच्या पडताळणीची वेगळी. कॉलेजची चुकली तर तुमचा अर्ज कितीही बिनचूक असला तरी तिथंच संपला. आठवड्याला एकदा स्टेटस बघा. "डिफेक्टिव्ह" दिसलं तर नाकारला असं समजू नका, दुरुस्तीला परत आलाय. मुदतीत दुरुस्त करून पुन्हा सबमिट करा.

पैसे खाते क्रमांकावर नाही, आधारला जोडलेल्या बँकेत येतात. एका आधारला एका वेळी एकच बँक जोडलेली असते. घरात कुठल्याही योजनेसाठी दुसरीकडं खातं काढून तिथं आधार जोडलं असेल तर पैसा तिकडं जातो आणि तुम्ही इकडं पासबुक भरत बसता. माय आधारच्या साईटवर "बँक सीडिंग स्टेटस" आहे, तिथं कोणती बँक दिसते ते बघा. दहावीच्या वेळी काढलेलं अज्ञान खातं असेल तर १८ पूर्ण झाल्यावर केवायसी पुन्हा करून घ्या. आणि साध्या केवायसीवरचं छोटं खातं असेल तर त्यात ५०,००० च्या वर शिल्लक ठेवता येत नाही, वर्षाला १ लाखाच्या वर जमा होत नाही. इन्स्पायरचे ६०,००० एकदम आले की तिथंच अडकतात.

सेलूकर

बँक सीडिंग आत्ताच बघितलं. जिथं खातं समजत होतो ती बँक नाही, दुसरीच दाखवतंय.

गोदाकाठ

मग फॉर्म थांबवा. ज्या बँकेत पैसे पाहिजेत तिथं भाचीला घेऊन जा, आधार सीडिंग आणि डीबीटीच्या (सरकारी पैसे थेट खात्यात यायच्या) संमतीचा फॉर्म मागा, नुसतं "आधार लिंक" म्हणू नका. थोड्या दिवसांनी साईटवर नव्या बँकेचं नाव दिसलं की ओटीआरला बसा.