सांत्वन, धीर, दिलासा, विसावा : कुठे कोणता शब्द?

प्रश्न असा आहे : घरातलं माणूस गेलंय, त्यात हिवाळा, दिवस लवकर मावळतो. अशा काळात घरच्यांमुळे, श्रद्धेमुळे, रोजच्या बारीकसारीक गोष्टींमुळे जे थोडं बरं वाटतं, त्याला मराठीत नेमकं काय म्हणायचं? वर दिलेले चार शब्द एकमेकांच्या जागी चालतील का?

माझ्या मते नाही चालणार. फरक पाहायचा तर अर्थाच्या आधी क्रियापद बघा. सांत्वन 'करतात', आणि ते दुसऱ्यानेच करायचं असतं. 'मी माझं सांत्वन केलं' असं सहसा कुणी म्हणत नाही. तिथे आपण 'समाधान करून घेतलं' म्हणतो. संस्कृतातला सान्त्व् हा धातू गोड बोलून शांत करण्याचा; राजनीतीतल्या सामालाही सान्त्व म्हणत. म्हणून सांत्वनाला प्रसंग लागतो, बोलणारा लागतो, आणि चार दिवसांनी बोलणारे आपापल्या कामाला लागले की ते संपतं.

'धीर' मला या सगळ्यांत सगळ्यात मोठा शब्द वाटतो. संस्कृतात धीर हे विशेषण आहे, नाम म्हणजे धैर्य. मराठीने विशेषणाचंच नाम केलं आणि त्याला केवढी क्रियापदं दिली : धीर देतात, धरतात, तो येतो, होतो, सुटतो, खचतो. तो दुसऱ्याकडून मिळतो, पण हातात धरून ठेवावा लागतो आपल्यालाच. यातच त्याची अडचणही आहे. 'धीर धर' ही आज्ञा आहे. रात्रभर झोप नसलेल्या माणसाला आपण आणखी एक काम सांगत असतो. 'तू आलास आणि मला धीर आला' या वाक्यात मात्र कुणावर काही लादलेलं नाही. शब्द एकच, पण पहिलं वाक्य जपून वापरावं, दुसरं मोकळेपणाने.

'दिलासा' फारसीतून आला. त्यातला दिल आपल्या ओळखीचाच, 'आसा' हा विश्रांतीच्या अर्थाचा. मन निवणं, असा सुंदर अर्थ. पण आता करदात्यांना दिलासा, न्यायालयाचा दिलासा अशा मथळ्यांमुळे त्याला टांगती तलवार दूर झाल्याची छटा आली आहे. गेलेलं माणूस परत येणार नसतं, तिथे हा शब्द तोकडा पडतो.

मग उरतो 'विसावा', आणि प्रश्नातल्या अनुभवाला मी हाच शब्द देईन. विश्रमाच्या कुळातला, म्हणजे श्रम गृहीत धरणारा. विसावा 'मिळतो', 'घेतात'. तो घेतल्यावर पुढे चालायचंच असतं. दुःख संपलं, असा दावा तो करत नाही. आई गेली त्या हिवाळ्यात बाबा संध्याकाळी अंधार पडायच्या आधीच घरातले सगळे दिवे लावायचे, अगदी कुणी नसलेल्या खोलीतलेसुद्धा. मग तिच्या जागेवर बसून तिचीच प्रार्थना म्हणायचे. दुसऱ्या ओळीत अडखळायचे, तिथे माझी बहीण आतून पुढचा शब्द सांगायची. कुणी कुणाचं सांत्वन करत नव्हतं. तेवढा वेळ तिघांनाही विसावा होता.

हिवाळ्यातल्या उदासीला 'मळभ' म्हणावं का, असंही विचारलंय. जरूर म्हणावं. मळभ येतं, दाटतं, सरतं. आकाशाला आणि मनाला तीच क्रियापदं लागतात. मात्र दर हिवाळ्यात ठरल्यासारखी येणारी आणि ऊन वाढलं की ओसरणारी उदासी हा आजारही असू शकतो. मनोविकारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी 1984 मध्ये त्याचं वर्णन केलं, 'सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर' या नावाने. त्यावर सकाळी साधारण अर्धा तास 10,000 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) प्रखर दिव्यासमोर बसण्याचा उपचार डॉक्टर सुचवतात. अशा माणसाला उजेड हवा असतो, औषधोपचार हवा असतो. त्याला 'मन घट्ट कर' म्हणणं मला क्रूर वाटतं.

श्रद्धेसाठी एक वाक्प्रचार सुचवते : 'देवावर हवाला ठेवणे'. हवाला अरबीतून आलेला. मूळ अर्थ सोपवणं, एकाचं देणं दुसऱ्याकडे वळतं करणं. हल्ली आपण तो हात झटकून बसणाऱ्याबद्दल वापरतो, 'देवावर हवाला ठेवून बसू नकोस' असा. पण जे आपल्या हातात उरलेलंच नाही ते सोपवणं, यात आळस कुठला? मृत्यूच्या बाबतीत हा वाक्प्रचार पुन्हा चांगल्या अर्थाने वापरायला हवा.

यावर एका वाचकाची हरकत : "विसाव्यात थकवा आहे, ऊब नाही. घरच्यांबद्दल बोलताना 'आधार' का नको?"

आधार चालेलच. फक्त तो एकाकडून दुसऱ्याला मिळतो, एक उभा आणि दुसरा टेकलेला. शोकात घरातले सगळेच टेकायला जागा शोधत असतात. कधी बाबा मुलीला, कधी मुलगी बाबांना. म्हणून 'एकमेकांचा आधार' असं जोडून म्हटलंत तर माझी काहीच हरकत नाही.

आणि शेवटचं विचारणं : निरोपात काय लिहावं? 'दुःखातून सावरण्याचे बळ मिळो' हे चुकीचं नाही, पण ते सगळेच पाठवतात. मी स्वतः 'उद्या संध्याकाळी सहाला येते, काही बोलायला हवंच असं नाही' एवढं लिहिते, आणि सहाला जाते.