मोटरसायकलचं हँडल उंच करून घेतलं, आणि मी त्याच्या बाजूने आहे. तुमचं मत काय?

बोगद्यापल्याड

गेल्या महिन्यात एकाने माझ्या गाडीचा फोटो बघून विचारलं, "कंपनीच्या इंजिनिअरपेक्षा तुम्हाला जास्त कळतं का? हँडल खाली घ्या." तेव्हा बोललो नाही. पण प्रश्न डोक्यातून जात नाही, म्हणून सविस्तर मांडतो.

माझी उंची ५ फूट ११ इंच, वय ४७. गाडी २०० सीसीची, हँडल आडवं आणि खाली, फूटरेस्ट मागे. आठवड्यातून दोनदा सातारा–पुणे आणि परत, एका वेळचे साधारण ११० किलोमीटर. खंबाटकीचा बोगदा ओलांडून शिरवळला पोचेपर्यंत दोन्ही करंगळ्या बधिर झालेल्या असायच्या. चहाला थांबलो की हेल्मेटचा पट्टा सुटत नसे, बोटांना कडी लागायचीच नाही. एकदा टपरीवाल्याने पट्टा सोडवून दिला. त्या दिवशी ठरवलं की आता काहीतरी करायचं.

३० मिलिमीटरचे रायझर, म्हणजे हँडलखाली घालायचे उंचीचे ठोकळे, बसवून आठ महिने झाले. आता कात्रजपर्यंत हात हलके राहतात. मान वर करून बघावं लागत नाही, खांदे कानाला लागत नाहीत. सायकलच्या दुकानात सीट आपल्या उंचीला लावून देतात, त्यात कुणाला गैर वाटत नाही. मग मोटरसायकलच्या हँडलला हात लावला की एवढा विरोध का? कारखान्यातून निघालेली गाडी कुठल्यातरी सरासरी माणसासाठी असते, आणि तो माणूस मी नाही. मनगट दुखतंय ते सोसत राहायचं, याला मी शिस्त म्हणणार नाही.

दहाचा_पाना

गॅरेज चालवून २२ वर्षं झाली, कोल्हापुरात. तुमचा त्रास खरा आहे, पण उपाय मला मान्य नाही.

गेल्या पावसाळ्यात एक पोरगा गाडी घेऊन आला. तक्रार काय, तर यू-टर्न घेताना गाडी आपोआप पळते. स्टँडवर लावली, चालू केली आणि हँडल डावीकडे शेवटपर्यंत वळवलं. अ‍ॅक्सिलरेटरला हात नाही आणि इंजिन बोंबलतंय. रायझर लावले होते, केबल मात्र जुनीच. हँडल वळलं की केबल ताणते आणि रेस आपोआप वाढते. भर चौकात, समोर माणूस असताना हे झालं असतं तर?

क्लच केबलचंही तेच. तिचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, संपला की क्लच पूर्ण बसत नाही, घसरत राहतो, आणि दोन-तीन महिन्यांत प्लेटा जळतात. गिऱ्हाईक म्हणतं प्लेटा डुप्लिकेट होत्या. आणि ब्रेकचा होज, म्हणजे ऑइलची नळी, ताणला तर काय होतं ते मी लिहीत नाही.

माझं म्हणणं, आधी फुकटचं करून बघा. दोन्ही लिव्हर सैल करून थोडे खाली फिरवा. हाताच्या रेषेत बोटं सरळ लिव्हरवर पडली पाहिजेत. दहा गाड्यांतल्या सहा-सात गाड्यांवर लिव्हर एवढे वर असतात की मनगट मागे मोडूनच धरावं लागतं. पाच मिनिटांचं काम. तुम्ही ते केलं होतं का?

बोगद्यापल्याड

केलं होतं दादा. फरक पडला, पण पुरेसा नाही.

आणि केबलचं म्हणाल तर सगळं तपासलं. मेन स्टँडवर लावून पुढचं चाक अधांतरी केलं, म्हणजे शॉकअप पूर्ण सुटले. तशा स्थितीत हँडल दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवून ब्रेकचा होज बघितला. गाडी चालू ठेवून पुन्हा फिरवलं, रेस तिथल्या तिथे. क्लच केबल आधी हेडलाइटच्या पुढून गेली होती, ती आतून घेतली तेव्हा मोकळी झाली. चुकीचं बसवलं तर धोका आहे हे शंभर टक्के मान्य. पण मग चुकीचं बसवण्याला विरोध करा, रायझरला नको.

मणका_आणि_मी

मी फिजिओथेरपिस्ट आहे, नाशिकला. स्वतः ३५० सीसी चालवते. इथे "हात बधिर होतो" हे सगळे एकाच अर्थाने वापरताहेत, म्हणून लिहिते.

कुठली बोटं, हे आधी बघा. करंगळी आणि तिच्या शेजारचं अर्धं बोट बधिर होत असेल तर तळहाताच्या बाहेरच्या कडेवर दाब येतोय. तिथून अल्नर नर्व्ह जाते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट असेल तर मीडियन नर्व्ह, आणि तिथे मनगट मागे मोडलेलं असणं हे मोठं कारण. पानावाल्या दादांचा लिव्हरचा उपाय या दुसऱ्या त्रासाला जास्त लागू पडतो. बोगद्यापल्याड यांचा पहिला. धडाचा भार तळहातावर पडत होता, हँडल वर आल्यावर तो कमी झाला. त्यांना बरं वाटणं अगदी साहजिक आहे.

पण पुढचं कुणी बोलत नाही. हातावरचं वजन नाहीसं होत नाही, ते बैठकीच्या हाडांवर जातं. अगदी ताठ बसलेल्या माणसाला गतिरोधकाचा दणका थेट मणक्यातून वर जातो. कमरेतून थोडं पुढे झुकलेलं असलं की मांड्या आणि पाय त्यातला वाटा उचलतात. माझ्याकडे असे पेशंट येतात की ज्यांचं मनगट गेलं आणि कंबर आली. वर इंजिनच्या थरथरीने मुंग्या येत असतील तर रायझरचा काडीचा उपयोग नाही. तिथे मूठ सैल धरणं आणि दर तासाला उतरून चालणं हेच औषध.

म्हणून ३० मिलिमीटर ठीक, पण सत्तर-ऐंशी करून सोफ्यावर बसल्यासारखं बसू नका.

कोपरा_कापणारा

माझा सरळ विरोध. आणि कारण भावनिक नाही.

रॉयल एनफील्डच्या इंटरसेप्टर ६५० आणि कॉन्टिनेंटल जीटी ६५० शेजारी शेजारी उभ्या करून बघा. इंजिन एकच. एकीला रुंद, उंच हँडल. दुसरीला क्लिप-ऑन, म्हणजे शॉकअपच्या नळ्यांनाच आवळलेली खालची दोन तुकड्यांची मूठ. पण कंपनीने नुसतं हँडल बदललेलं नाही, जीटीचे फूटरेस्टही मागे नेलेत. सीट, फूटरेस्ट आणि हँडल हा त्रिकोण आहे. तुम्ही एक टोक उचललं आणि दोन तशीच ठेवली. पाय मागे दुमडलेले आणि धड ताठ, ही बसण्याची पद्धत कुणी आखलेली नाही.

शिवाय वारा. हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० वर गेलात तर तो दीडपटीहून अधिक होतो. झुकलेल्या माणसाला तोच वारा छातीखालून आधार देतो आणि मनगट हलकं करतो. ताठ माणूस छातीवर वारा घेतो आणि हँडलला लोंबकळतो. मग तो मूठ घट्ट आवळतो आणि घट्ट मुठीने गाडी वळणात अडते. आंबोलीच्या वळणांत मला हे स्वतःच्या हाताने कळलंय. एका मित्राची रायझरवाली गाडी घेतली होती, पुढचं चाक काय करतंय याचा अंदाजच येत नव्हता.

डिप्लोमा_मेक

कोपरा_कापणारा, त्रिकोणाचा मुद्दा बरोबर, पण आकडा बघा. रायझर सरळ वर जात नाही. तो शॉकअपच्या तिरक्या रेषेत मागे येत वर जातो. शॉकअप उभ्या रेषेशी साधारण २५ अंश कलले असतील, तर ३० मिलिमीटरचा रायझर मूठ २७ मिलिमीटर वर आणि जवळपास १३ मिलिमीटर मागे आणतो. अंगठ्याच्या नखाएवढं. एवढ्याने पुढच्या चाकावरचं वजन हलत नाही. तुम्ही कंबर सीटवर मागे-पुढे सरकवता तेव्हा त्याहून जास्त हलतं.

मात्र बोगद्यापल्याड यांना आराम मिळाला त्यात या १३ मिलिमीटरचाही हात आहे. लोक "उंची, उंची" करतात, पण अनेकांना हवी असते ती जवळीक.

एकटीच_निघाले

हे शेवटचं वाक्य मोठ्या अक्षरात लिहायला हवं. माझी उंची ५ फूट १ इंच. या अशा चर्चा वाचून मीसुद्धा रायझर लावले होते. दोन दिवसांत खांदे भरून आले, कारण हात वर धरून चालवावं लागत होतं. काढून टाकले. मग हँडल धरणारा क्लॅम्प सैल करून हँडल नुसतं माझ्याकडे थोडं फिरवलं आणि लिव्हर त्याप्रमाणे लावले. कोपर सैल वाकतात आता. पुणे–हरिहरेश्वर ताम्हिणीतून एका दमात गेले. "हँडल उंच म्हणजे आराम" हे उंच पुरुषांचं गणित आहे, ते सगळ्यांच्या गळ्यात मारू नका.

स्पिती_दोनदा

मी ६ फूट १. कच्च्या रस्त्यावर उभं राहून चालवायचं तर मूळ हँडल मला मांडीपाशी येतं. वाकून तासभर उभे राहून बघा म्हणजे कळेल. हिरोने एक्सपल्स २०० साठी रॅली किट काढलं, त्यात हँडल रायझर होतेच. म्हणजे इंजिनिअरलाही हे कळतं.

कलम_बावन्न

कुणीच कायद्याचं बोलत नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीने ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर कडक भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ए आलं. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

डिप्लोमा_मेक

आरसीवर इंजिन, रंग, व्हीलबेस, वजन असतं. हँडलची उंची माझ्या आरसीवर तरी नाही.

कलम_बावन्न

तो वाद तुम्ही रस्त्यावर हवालदाराशी आणि अपघातानंतर विमा सर्व्हेअरशी घालणार आहात, माझ्याशी नाही. निदान विमा कंपनीला लेखी कळवून ठेवा. एवढं तरी कराल?

दहाचा_पाना

कायदा राहू द्या, मला एक सांगा बोगद्यापल्याड. रायझरबरोबर जे लांब बोल्ट आले, ते मोजलेत का? जुना किती लांब होता, नवा किती? किटमधला बोल्ट बघून विश्वास ठेवू नका. खालचं अ‍ॅल्युमिनियम आहे, त्यात आठ मिलिमीटर जाडीचा बोल्ट निदान १२ मिलिमीटर तरी शिरलेला पाहिजे. कमी असेल तर आटे उपटून येतात. आणि येतात कधी, तर जोरात ब्रेक मारल्यावर, सगळं अंग हँडलवर गेलं की.

बोगद्यापल्याड

हे मोजलं नव्हतं. आत्ता खाली जाऊन एक बोल्ट काढला.

जुना बोल्ट ३५ मिलिमीटर, डब्यात जपून ठेवला होता. नवा ६० निघाला. म्हणजे लांबी वाढली २५ आणि रायझर ३० चा. पाच मिलिमीटर कमी. आट्यांवर जिथपर्यंत घासल्याची चमक आहे तिथपर्यंत व्हर्निअर लावला, जेमतेम ९ भरलं. आठ महिने मी याच्यावर घाट चढलो-उतरलो. बायको मागे बसलेली असायची. बोल्ट हातात घेऊन पायरीवर बराच वेळ बसलो होतो.

रायझर वाईट असं मी अजूनही म्हणणार नाही. माझ्या करंगळीला जे आठ महिने बरं वाटलं ते खरं आहे. मणकावाल्या ताईंचं बैठकीच्या हाडांचं लक्षात ठेवीन, आणि विमा कंपनीला मेल उद्याच टाकतो. पण "सगळं तपासलं" असं मी वर लिहिलं होतं, ते मागे घेतो.

उद्या पुण्याला एसटीने जाईन आणि नाना पेठेतून आठ बाय पासष्टचे चार बोल्ट आणीन, १०.९ ग्रेडचे, म्हणजे जास्त मजबूत. दादा, घट्ट किती करायचे ते सांगाल का?

दहाचा_पाना

पासष्टचा बोल्ट तळाला टेकत नाही ना ते आधी बघा. टेकला तर घट्ट वाटेल, पण हँडल आवळलेलंच नसेल. किती घट्ट ते तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये आकडा असतो, तोच धरा. टॉर्क पाना, म्हणजे किती जोराने आवळलं ते दाखवणारा, नसेल तर कुणाचा तरी मागून घ्या, अंदाजाने नको. चारही बोल्ट थोडे थोडे, तिरप्या क्रमाने. क्लॅम्पची पुढची फट आधी मिटवायची की दोन्हीकडे सारखी ठेवायची तेही मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, गाडीगणिक वेगळं असतं. शंभर किलोमीटर झाले की पुन्हा पाना लावून बघा. आणि तोवर ती गाडी कुणाला देऊ नका.