तळलेली ॲपल पाई बेक केली की खरंच हलकी होते का?

परातीतलं पीठ (अटलांटा)

ऑक्टोबर आला की आम्ही सफरचंदं तोडायला वर उत्तर जॉर्जियात जातो. एलिजे, ब्लू रिज हा सगळा डोंगराळ पट्टा, रस्त्याच्या दोन्ही अंगांना बागा. बागेच्या दुकानात फ्राइड ॲपल पाई तळत असतात. आकार थेट आपल्या करंजीचा, फक्त कडेला मुरड नाही, काट्याने दाबलेल्या रेघा असतात. कागदी पिशवीत घालून हातात देतात आणि गाडीपर्यंत पोचेस्तोवर पिशवीच्या तळाला तेलाचा डाग उमटलेला असतो. आधी कडेचा कडक भाग कुडुम करून तुटतो, मग आतलं दालचिनीचं सफरचंद जीभ भाजतं. मला ही पाई फार आवडते. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की हिला तळणाचाच राग आहे.

गेल्या वर्षी नवऱ्याचं कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं आणि घरातलं तळण थांबलं. मग मी ही पाई ओव्हनमध्ये करायला घेतली. पहिल्या दोन वेळा तळायचीच कणीक भरून भाजली. बाहेर आली ती पांढरीफटक आणि खारीच्या तुकड्यासारखी कडक. कारण नंतर कळलं. १८० अंशाचं तेल चारी बाजूंनी एकदम चटका देतं, तीन-चार मिनिटांत रंग येतो. ओव्हनमधली हवा उष्णता सावकाश देते, रंग येईपर्यंत पारी वाळून जाते. म्हणजे कणीकच वेगळी हवी.

आता माझं प्रमाण असं: मैदा २५० ग्रॅम, गार लोणी ६० ग्रॅम, घट्ट दही अर्धी वाटी, मीठ, पाव चमचा बेकिंग पावडर. लोणी बोटांनी मैद्यात चुरायचं, पण मटारएवढे तुकडे राहू द्यायचे. दह्यात गोळा बांधून तासभर फ्रीजमध्ये. सारणाला ग्रॅनी स्मिथ, ती आंबट असतात आणि शिजून त्यांचा गाळ होत नाही. फोडी आधी परतून पाणी आटवायचं आणि सारण पूर्ण गार झाल्याशिवाय भरायचं नाही. वरून दुधाचा हात, वाफ जायला दोन चिरा, २०० अंश सेल्सिअसला २२ ते २५ मिनिटं. दहा पाई होतात.

माझं मत: घरी करायची तर ही बेकच करावी. तळलेली बागेत जाऊन वर्षातून एकदा खावी. तुम्हाला काय वाटतं?

लोखंडी कढई (नॉर्थ कॅरोलायना)

ताई, पाककृती छान आहे, पण मत अजिबात पटलं नाही.

मी ॲशव्हिलजवळ राहतो. इथल्या डोंगरातल्या घरांमधून ही पाई पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे, आणि तिचा जीव ताज्या सफरचंदात नाही, सुक्यात आहे. हंगामात सफरचंदांच्या चकत्या उन्हात वाळवायच्या, थंडीत त्या पाण्यात शिजवून घोटायच्या, आणि बिडाच्या तव्यात डुकराच्या चरबीत पाई तळायची. कुणी हाफ मून पाई म्हणतं, कुणी म्यूल इअर्स, म्हणजे खेचराचे कान. सुक्या सफरचंदाला पाणी सुटत नाही, त्यामुळे पारी फुटत नाही आणि चिराही द्याव्या लागत नाहीत. पाई खिशात घालून कामावर नेता येते. सुकं फळ, तवा, चरबी, हे सगळं एकमेकांत घट्ट बसलेलं आहे. त्यातला तवा काढून घेतलात, मग ताजं फळ आलं, मग चिरा आल्या, मग दही आलं. आता जे उरलं त्याला, म्हणजे सारण भरून दुमडून भाजलेल्या पेस्ट्रीला, इंग्रजीत आधीपासून टर्नओव्हर म्हणतात. चांगला पदार्थ आहे, पण तो दुसरा पदार्थ आहे.

मॅकडोनाल्ड्सची गोष्ट बघा. १९६८ पासून त्यांच्याकडे तळलेली ॲपल पाई मिळायची. ती आणली टेनेसीतल्या नॉक्सव्हिलच्या एका फ्रँचायझीवाल्याने, म्हणजे ती याच दक्षिणेच्या डोंगराची लेक. १९९२ साली अमेरिकेत बहुतेक सगळीकडे ती बंद करून बेक केलेली आणली. इतकी वर्षं झाली तरी इथले लोक जुनीची आठवण काढतात, तिच्या पारीवर आलेल्या फोडांसकट.

तराजू (ह्यूस्टन)

दोघांनी एका गोष्टीकडे लक्ष दिलेलं नाही, ती म्हणजे पारीतलं लोणी.

मागच्या थँक्सगिव्हिंगला मी दोन्ही प्रकार केले आणि वजन केलं. तळायच्या पाईला २५० ग्रॅम मैदा, ६५ ग्रॅम शॉर्टनिंग (डालड्यासारखं घट्ट तूप), बाकी ताक. दहा झाल्या. तळणीतलं तेल आधी आणि नंतर काट्यावर ठेवलं, ८० ग्रॅम कमी भरलं. त्यातलं थोडं कागदावर आणि झाऱ्यावर गेलं असणार, पण सगळं पाईतच गेलं असं धरू. एका पाईत साडेसहा अधिक आठ, म्हणजे साडेचौदा ग्रॅम स्निग्ध.

बेक करायची पारी मी नेहमीच्या पद्धतीने केली: ३१० ग्रॅम मैद्याला लोण्याच्या दोन कांड्या, म्हणजे २२६ ग्रॅम. लोण्यात ८० टक्के स्निग्ध धरलं तरी १८० ग्रॅम होतं. दहा पाईंत वाटलं तर एकीत १८. एका ग्रॅमला ९ कॅलरी. तळलेलीत तेला-चरबीच्या १३०, बेक केलेलीत १६०. विकतच्या पफ पेस्ट्रीतही स्निग्ध भरपूरच असतं. मग 'बेक्ड आहे, खा' असं सांगून आपण पाहुण्यांना नक्की काय वाढतो?

परातीतलं पीठ, तुमच्या प्रमाणात ६० ग्रॅमच लोणी आहे, म्हणून एकीत जेमतेम ५ ग्रॅम पडतं. तुमची पाई हलकी झाली ती लोणी कमी केल्यामुळे. ओव्हनला त्याचं श्रेय देऊ नका. ओव्हनने फक्त कमी लोणी घालायची सवड दिली.

आणि तळणही हलकं करता येतं. पाई तेलात असताना आतली वाफ बाहेर येत असते, ती तेलाला आत शिरू देत नाही. तेल बरंचसं शिरतं ते बाहेर काढल्यावर: वाफ निवते, आत ओढ तयार होते आणि पारीवर चिकटलेलं तेल आत खेचलं जातं. म्हणून काढल्या काढल्या, ती गरम असतानाच, उभी धरून निथळायची आणि लगेच टिपायची. थाळीत एकावर एक रचून ठेवली की खालची तेल पिते. दिवाळीच्या करंज्यांनाही हेच लागू आहे.

परातीतलं पीठ

तराजू, हिशेब मान्य. मी 'बेक म्हणजे हलकं' असं सरसकट धरून चालले होते ते चूक होतं. पण माझा मुद्दा कॅलरीपुरता नव्हताच. आमच्या अपार्टमेंटमध्ये तळण केलं की दोन दिवस पडद्यांना वास राहतो, आणि उरलेलं लिटरभर तेल पुन्हा पुन्हा तापवणं मला पटत नाही. तळायची म्हटली की माझ्या हातून ती वर्षात एकदाही होत नाही. बेक केली तर मुलगी शेजारी बसून काट्याने कडा दाबते. उकळत्या तेलाजवळ मी तिला उभी करणार नाही. हीही बाजू आहे की नाही?

लोखंडी कढई, टर्नओव्हर म्हणा, चालेल. पण माझ्या मुलीला ही पाई याच डोंगरामुळे माहीत झाली. नाव बदललं तर तो धागा तुटतो असं मला मनापासून वाटतं.

मधली सुट्टी (ठाणे)

माझ्या वडिलांना बावीस वर्षं मधुमेह आहे, म्हणून बोलते. 'हलकं' हा शब्दच मला धोक्याचा वाटतो. आमच्याकडे दिवाळीला बेक केलेल्या करंज्या आल्या. बाबा तळलेली एक खाऊन थांबले असते, 'या बेक्ड आहेत' म्हणून तीन खाल्ल्या. मैदा तोच, साखर तीच. त्या रात्रीचा आकडा मला अजून आठवतो.

इथे सगळे तेलाचं बोलताय. सफरचंदात मुळातच साखर असते, मध्यम आकाराच्या एका फळात १८-१९ ग्रॅम. सुकवलं की पाणी जातं आणि तीच साखर कमी जागेत येते. त्यावर पुन्हा वाटीभर साखर कशाला? फळ गोड असेल तर साखर चमचाभर पुरे, लिंबू आणि दालचिनी सढळ हाताने घाला, सालं काढू नका. आकार लहान ठेवा. मग ती तळा किंवा भाजा, माझी तक्रार नाही.

हेगकर (नेदरलँड्स)

इकडे हा वाद नावातच अडकलेला आहे. ३१ डिसेंबरला पिठात बुडवून तळलेल्या सफरचंदाच्या चकत्या करतात, त्या ॲपलबेन्ये. पफ पेस्ट्रीची त्रिकोणी बेक केलेली ती ॲपलफ्लाप, ती बेकरीत बाराही महिने मिळते. पण कितीतरी घरांत तळलेल्या चकत्यांनाही ॲपलफ्लापच म्हणतात, आणि मग कुणी 'आणते' म्हणाली तर काय येणार ते पिशवी उघडल्यावरच कळतं. दोन्ही सुखाने नांदतायत. माझं मत विचाराल तर थंडीत रस्त्यावर उभं राहून खायची ती तळलेलीच.

साटोरी आजी (पुणे)

मुलाकडे न्यू जर्सीला असते तेव्हा मी तिथल्या ओव्हनवर बऱ्याच करंज्या केल्या आहेत, म्हणून लिहिते.

मुलांनो, हे सगळं मोहनाचं शास्त्र आहे. तळायच्या करंजीला मोहन बेतानेच घालावं लागतं. जास्त झालं तर ती तेलात विरते आणि तेल पिते. ओव्हनमध्ये ती भीती नाही, म्हणून लोक भसाभस लोणी घालतात. आणि ६० ग्रॅमवर थांबलं तर पारी पावासारखी होते. परातीतलं पीठ, तुझी तशी होत असणार, खरं सांग. दह्याने मऊपणा येतो, खुसखुशीतपणा येत नाही.

त्यावर आपल्याकडे साटा आहे. २० ग्रॅम लोणी हाताने पांढरं होईपर्यंत फेस, त्यात दीड चमचा तांदळाची पिठी मिसळ. पिठाच्या तीन पातळ पोळ्या लाट, एकीवर साटा, त्यावर दुसरी, पुन्हा साटा, तिसरी, वर साटा. घट्ट गुंडाळी करून लाट्या काप. लाटी उभी धरून बोटाने चेपायची नाही, कापलेली बाजू वर ठेवून हलक्या हाताने लाटायची. मग पदर वर दिसतात. ओव्हन आधी २२० वर दहा मिनिटं, म्हणजे पदरांतली वाफ झटकन फुगते, मग १९० वर आणून रंग येईपर्यंत. लोणी सगळं मिळून ८० ग्रॅम झालं, तराजूच्या हिशेबाने एका पाईला सहा-साडेसहा ग्रॅमच स्निग्ध.

मात्र लोखंडी कढईचं एक खरं आहे. तळणीतून काढलेल्या पारीला जो रंग असतो, करड्या-तांबूस ठिपक्यांचा, तो ओव्हनमध्ये येत नाही. दूध लावा, साखर भुरभुरवा, रंग एकसारखाच येतो. ते ठिपके ज्याला हवेत त्याने तळावं.

परातीतलं पीठ

आजी, पावासारखीच होते. लिहायला धीर होत नव्हता. शनिवारी साटा घालून बघते.

लोखंडी कढई

शनिवारी मीही बसलो. सुकी सफरचंदं रात्रभर भिजवून शिजवली, तासाभराने लाकडी चमचा उभा राहील इतकं घट्ट सारण झालं. साखर दोन चमचे, लिंबाचा रस आणि दालचिनी. अर्धं सारण नेहमीच्या पारीत तळलं, अर्धं आजींच्या साट्याच्या पारीत बेक केलं. सुकं फळ असल्याने बेक करतानाही चिरा दिल्या नाहीत, एकही फुटली नाही.

शेजारचे आजोबा याच डोंगरात वाढले आहेत, त्यांना दोन्ही दिल्या. बेक केलेली हातात घेऊन त्यांनी आधी कडेचे पदर बोटाने सोडवून बघितले, मग शेवटच्या कणापर्यंत खाल्ली. आतलं सफरचंद त्यांच्या आईच्या हातचं आहे म्हणाले, बाहेरचं कुठलं आहे ते मात्र त्यांना सांगता येईना. जाताना घरी न्यायला त्यांनी तळलेल्या दोन मागून घेतल्या.

माझं मत बदललं नाही, फ्राइड पाई तळलेलीच. पण सुक्या सफरचंदाची साट्याची करंजी मी पुन्हा करणार, आणि तिला करंजीच म्हणणार.

आजी, २० ग्रॅमचा साटा दहांना पुरला नाही. शेवटच्या गुंडाळीला नुसता हात फिरला, त्या दोन कोरड्या राहिल्या. ३० घेऊ का?

साटोरी आजी

३० घे, पण पिठीही अडीच चमचे कर, नाहीतर साटा ओघळेल. आणि गुंडाळी कापायच्या आधी पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेव. अमेरिकेतल्या स्वयंपाकघरात हीटर चालू असतो, लोणी लगेच पातळ होतं.