मदत हवी आहे : बाबांची ई-पुस्तकं झिप केली, आकार कमी होईना आणि मराठी नावंही गेली

नमस्कार. बाबा गेल्या वर्षी गेले. त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर आणि 2003पासूनच्या सीडींवर मिळून सुमारे 4,100 ई-पुस्तकं आहेत, एकूण 23 जीबी. ते शाळेत मराठी शिकवायचे. निवृत्तीनंतर रोज सकाळी दोन तास बसून त्यांनी एकेका फाइलला देवनागरीत नाव दिलं: आधी लेखक, मग पुस्तक, मग साल. ही मेहनत वाया जाऊ नये असं मनापासून वाटतं. एक प्रत नाशिकला भावाकडे, एक बडोद्याला आत्याकडे आणि एक माझ्याकडे राहावी.

सगळं माझ्या लॅपटॉपवर उतरवून घेतलं. त्यात बहुतेक स्कॅन केलेल्या पीडीएफ आहेत. बाकी ईपब, मोबी, थोड्या डेजाव्हू, 38 लिट फाइली (हे सगळे ई-पुस्तकांचेच प्रकार) आणि साडेपाचशेच्या वर वर्डच्या डॉक फाइली. या डॉक फाइली म्हणजे बाबांनी आणि त्यांच्या मित्रांनी हाताने टाइप केलेले जुने लेख, कविता, नाटकांचे प्रवेश. माझ्या लॅपटॉपवर त्या उघडल्या की नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसतात.

एका जुन्या मोफत सॉफ्टवेअरने सगळ्याची मिळून एकच झिप केली. रात्रभर चालू होतं. सकाळी पाहते तर 23चे 22.3 जीबी. ती फाइल 32 जीबीच्या पेनड्राइव्हवर जाईना, 'फाइल फार मोठी आहे' म्हणतो, जागा मोकळी असूनही. शेवटी ऑनलाइन ड्राइव्हवर चढवून भावाला दिली, तर त्याच्याकडे उघडल्यावर सगळी नावं '_____ ____.pdf' अशी. कुठलं पुस्तक कुठलं, काही कळत नाही.

आकार कमी का होत नाही? नावं परत मिळतील का? आणि ही पुस्तकं इतरांना वाटली तर चालेल का? जागा कमी असल्यामुळे जुना कॉम्प्युटर या महिन्यात काढून टाकणार आहोत, त्याआधी हे मार्गी लावायचं आहे.

प्रतिसाद 1

ताई, आधी नावांचं. त्या झिपमधली नावं आता परत मिळणार नाहीत, पण लॅपटॉपवरच्या मूळ फाइलींना काही झालेलं नाही, त्यामुळे घाबरू नका. जुनी सॉफ्टवेअर्स झिपमध्ये नावं यूटीएफ-8मध्ये (सगळ्या लिप्या सामावणारी पद्धत) न लिहिता विंडोजच्या जुन्या कोडपेजमध्ये (मोजक्याच अक्षरांचा तक्ता) लिहितात. त्यात देवनागरी नाहीच, म्हणून प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह पडतं. विंडोजला फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही, म्हणून उघडताना त्याची अधोरेषा होते. सेव्हन-झिप या मोफत सॉफ्टवेअरची ताजी आवृत्ती घ्या आणि झिप नव्याने करा.

आकाराचं म्हणाल तर ईपब ही मुळातच झिप असते. स्कॅन केलेल्या पीडीएफमधली चित्रंही आधीच दाबलेली (कॉम्प्रेस केलेली) असतात. दाबलेलं पुन्हा दाबून काही हाती लागत नाही. अशा फाइलींसाठी 'स्टोअर' निवडा, म्हणजे न दाबता नुसता गठ्ठा बांधला जाईल आणि रात्रभराचं काम पटकन उरकेल.

पेनड्राइव्ह बहुधा फॅट32 या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे, त्यावर 4 जीबीची एक फाइल मावत नाही. तुकडे पाडण्याचा पर्याय असतो, पण मी तो घेणार नाही. एक तुकडा हरवला की मोठा भाग हातचा जातो. त्यापेक्षा कादंबरी, कविता, संतसाहित्य असे दोन-तीन जीबीचे वेगवेगळे गठ्ठे करा. एक बिघडला तरी बाकीचे शाबूत राहतात.

प्रतिसाद 2

कृपा करून तो जुना कॉम्प्युटर अजून काढू नका!

डॉक फाइली बिघडलेल्या नाहीत. त्या युनिकोडच्या (आज सगळीकडे चालणारी अक्षरांची पद्धत) आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या आहेत: श्रीलिपी, आकृती किंवा सी-डॅकचा सुरेख वगैरे. या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. फॉन्ट नसला की खालची अक्षरं उघडी पडतात. बाबांच्या मशीनवर तो फॉन्ट असणार. वर्डमध्ये मजकूर निवडून वर फॉन्टच्या चौकटीत नाव बघा, फॉन्ट नसला तरी नाव तिथे दिसतं.

त्याच मशीनवर प्रत्येक डॉकची पीडीएफ करून घ्या, म्हणजे फॉन्ट पीडीएफच्या आतच बसेल. मूळ डॉक आणि फॉन्टच्या फाइलीही जपून ठेवा. पुढे युनिकोडमध्ये बदलताना प्रत्येक फॉन्टला वेगळा कन्व्हर्टर लागतो, श्रीलिपीचा सुरेखला चालत नाही. पुस्तकांचे स्कॅन दुसरीकडेही सापडू शकतील. हाताने टाइप केलेलं हे लेखन कदाचित तुमच्याचकडे असेल.

लिट फाइली कॅलिबर या ई-पुस्तकांच्या सॉफ्टवेअरमध्ये ईपब करता येतात, नक्कल रोखणारं कुलूप नसेल तर.

प्रतिसाद 3

वाटण्याबद्दल. भारतात लेखकाच्या हयातीत प्रकाशित झालेल्या पुस्तकावर त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क (कॉपीराइट) असतो, मृत्यूच्या पुढच्या 1 जानेवारीपासून मोजून. 1965पर्यंत वारलेल्यांची अशी पुस्तकं 2026पासून मोकळी आहेत. अनुवाद असेल तर अनुवादकाचं सालही बघावं लागतं, इथे बरेच जण चुकतात. 'वाटायचे' आणि 'घरचे' असे दोन फोल्डर आत्ताच वेगळे करा. मित्रांचं लेखन त्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना विचारूनच द्या.

गठ्ठा बांधून झाला की सेव्हन-झिपमध्ये 'टेस्ट' करायला विसरू नका, आणि आतल्या नावांची एक साधी यादी बाहेर ठेवा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. कॉम्प्युटर काढायचा बेत रद्द केला. काल रात्री तो लावला आणि पहिलीच डॉक उघडली, स्वच्छ मराठी! बाबांनी 2004मध्ये आजीवर लिहिलेला लेख होता. तो आम्ही कुणीच वाचलेला नव्हता.

फॉन्ट तीन निघाले, तिन्ही वेगळ्या फोल्डरमध्ये घेतले. आतापर्यंत 60 फाइलींच्या पीडीएफ झाल्या आहेत, रोज थोड्या करते आहे. कवितांचा गठ्ठा आत्याला पाठवला, तिच्या फोनवर नावं नीट दिसतात.

आता एकच अडचण उरली आहे. दोन सीडी कुठल्याच ड्राइव्हला वाचता येत नाहीत, वरून ओरखडा दिसत नाही. नाशिक किंवा पुण्यात असं काम जपून करणारं कुणी माहीत असेल तर सांगा.