मदत हवी: पुणे एफसी आणि एफसी पुणे सिटी हे फुटबॉल क्लब एकच होते का? जर्सीवरनं घरात वाद पेटलाय

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या ट्रंकेत माझी लाल जर्सी घावली, पुणे एफसीची. मागचा नंबर निम्मा उडालाय, बाहीला रंगपंचमीचा डाग, पण जीव आहे तिच्यात. भाचा बघून हसतोय, म्हणतो मामा ही डुप्लिकेट आहे, पुण्याची टीम केशरी-जांभळी होती, ह्रितिक रोशनची. मी म्हटलं बाळा तू तेव्हा शाळेत डबा सांडत होतास.

तर विषय असा की त्याला एफवायला प्रोजेक्ट आहे, "बंद पडलेली एक संस्था". सर म्हणालेत साखर कारखाना सोडून काहीही घ्या. मी म्हटलं मग पुणे एफसी घे की. पण लिहायला बसलो तर आम्हा दोघांचाही घोळ होतोय.

मला आठवतंय ते असं. २०१२-१३ ला मी चाकणला कामाला होतो, सुट्टी मिळाली की दोन बस बदलून मॅचला पुण्यातल्या बालेवाडी स्टेडियमवर. कोल्हापूरच्या माणसाला ते स्टेडियम म्हणजे शिक्षाच, मैदानाभोवती धावायचा ट्रॅक, प्लेयर तिकडं लांब मुंगीएवढे, आणि खुर्च्या रिकाम्या म्हणजे किती रिकाम्या, मागच्या रांगेत कोण शेंगा फोडतंय तेपण ऐकू यायचं. इथं कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील-दिलबहार अशी दोन तालमींच्या टीमची मॅच असली तर पायरीवर चप्पल ठेवायला जागा नसते. पण फुटबॉल बालेवाडीचाच भारी होता हे मान्य करायला पाहिजे. दक्षिण सुदानचा जेम्स मोगा, मागं अनस एडाथोडिका आणि तो अराता इझुमी, जपानात जन्मलेला, वडील भारतीय, शेवटी जपानी पासपोर्ट सोडून आपलं नागरिकत्व घेतलं आणि २०१३ ला भारताकडून खेळला. त्या सीझनला आमची टीम अख्ख्या आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, दुसरी आली, पुढं फक्त चर्चिल ब्रदर्स.

आता प्रश्न: हाच क्लब पुढं आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) गेला का? आणि देशात दुसरी आलेली टीम दोन-तीन वर्षांत बंद कशी काय पडते? पंधरा दिवसांत जमा करायचंय, जाणकारांनी जरा हात द्या.

— मामा_मंगळवारपेठ

——

मामा, जर्सी ओरिजिनल आहे, भाच्याला सांगा 😄

दोन्ही क्लब वेगळे. पुणे एफसी २००७ चा, अशोक पिरामल ग्रुपचा. सेकंड डिव्हिजन खेळून वर आला, २००९-१० ला पहिल्यांदा आय-लीग आणि पहिल्याच फटक्यात तिसरा. कोच डेरेक परेरा, ज्यांनी आधी मुंबईच्या महिंद्रा युनायटेडला २००५-०६ ची नॅशनल लीग (आय-लीगच्या आधीची) जिंकून दिली होती. अरातापण महिंद्रातनंच आला. आणि ती महिंद्रा १९६२ पासूनची टीम, २०१० ला कंपनीनं बंद केली, म्हणजे मुंबईत एक दुकान बंद झालं तेव्हा पुण्यात दुसरं नुकतं उघडलं होतं. २०१२-१३ ला दुसरे आले म्हणून २०१४ ला एएफसी कप, म्हणजे आशियातल्या क्लबांची स्पर्धा, पण खेळले, व्हिएतनाम-सिंगापूरच्या टीम बालेवाडीत येऊन गेल्या.

एफसी पुणे सिटी आयएसएलबरोबर २०१४ ला आली. मालक वेगळे, सोबत ह्रितिक, पहिल्या वर्षी फ्रान्सचा त्रेझेगे. म्हणजे एक सीझन दोन्ही टीम एकाच गावात, एकाच मैदानावर होत्या, गोंधळ तिथला आहे. २०१५ ला पुणे एफसी बंद झाली आणि पुढच्या वर्षी तिची ॲकॅडमी तेवढी पुणे सिटीनं घेतली. पोरं गेली, क्लब नाही गेला.

— कूपरेजची_पायरी

——

मामा प्रोजेक्ट वाढवा, एका क्लबचं काय घेऊन बसलाय. कल्याणी ग्रुपची भारत एफसी २०१४-१५ चा एकच सीझन खेळली, शेवटची आली, खलास. डीएसके शिवाजीयन्स २०१५-१६ ला आय-लीगमध्ये आले, लिव्हरपूलच्या नावाची ॲकॅडमी वगैरे, दोन सीझनमध्ये गाशा गुंडाळला. उरली पुणे सिटी, ती २०१७-१८ ला सेमीफायनलपर्यंत गेली आणि २०१९ ला तिची जागा हैदराबादला. चार क्लब, पाच वर्षांच्या आत चारी साफ.

कारण विचाराल तर असल्या क्लबचा खर्च तिकिटावर कधी निघतच नाही, पगार, प्रवास, हॉटेल सगळं मालकाच्या खिशातनं. २०१४ ला आयएसएल आली आणि टीव्ही, स्पॉन्सर, पेपरातली जागा सगळं तिकडं सरकलं. आय-लीगवाल्यांना कळेना आपण आता पहिला नंबर का दुसरा. अशात मालकानं हात आखडला की संपलं, मागं सभासद कोण होता? आपल्याकडं वर्गणी कमी पडली तर पेठेतली माणसं कार्यकर्त्याला गल्लीत गाठून विचारतात. आता तालमीपण बाहेरनं, परदेशातनं प्लेयर आणतात आणि तो खर्च बघून माझ्या पोटात गोळा येतो, पण तो वेगळा धागा.

— रंकाळ्याचा_गार_वारा

——

आईच्यान दोघांनाही एकेक तांबडा-पांढरा माझ्याकडनं. भाच्याला वाचून दाखवलं, आधी म्हणाला "मग मी निम्मा बरोबर होतो", आता हेडिंग बदलून "पुण्याचे चार क्लब" केलंय आणि प्रोजेक्टच्या कव्हरला माझ्या जर्सीचा फोटो लावतोय. वर कोल्हापूरची केएसए लीग सुरू झाली की पहिल्या मॅचला हीच घालून जाणार म्हणे. डुप्लिकेट होती ना रे?

कुणाकडं बालेवाडीचं जुनं तिकीट असेल तर फोटो टाका, प्रोजेक्टला लावतो. आणि शेवटचं, नंबर आणखी न उडता रंगाचा डाग कसा काढायचा?

— मामा_मंगळवारपेठ

——

डागाच्या नादाला लागू नका, घासला की नंबर गेला. उलटी करून गार पाण्यात हातानं धुवा, सावलीत वाळवा, इस्त्री अजिबात नको.

— कूपरेजची_पायरी